वारुळावरच्या अळंबीची नोंद आणि नकाशा : पुणे परिसरासाठी कार्यपद्धती

पुण्याच्या पश्चिमेला मुळशी, मावळ, राजगड (पूर्वीचे वेल्हे), भोर आणि आंबेगाव या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात पाऊस जमिनीत चांगला मुरला की वारुळांवर आणि त्यांच्या भोवतालच्या मातीतून टोकदार माथ्याची पांढरट अळंबी वर येते. तिची सुरुवात जमिनीखाली, वाळवीच्या घरात झालेली असते. वाळवी चावलेल्या पालापाचोळ्याचे आणि लाकडाचे सच्छिद्र पोळे रचते, त्यावर एक विशिष्ट बुरशी वाढवते आणि त्या बुरशीवर आपली वसाहत पोसते. पावसाळ्यात हीच बुरशी पोळ्यापासून लांब, मुळासारखा देठ वर पाठवून जमिनीबाहेर छत्री उघडते. या प्रजातीला टर्मिटोमायसिस हे नाव फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ साली दिले. तिच्यातली टर्मिटोमायसिस हाइमी ही जात त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि तिचे वर्णन नटराजन यांनी दक्षिण भारतातील नमुन्यांवरून १९७९ साली प्रसिद्ध केले.

ही अळंबी दोन-चार दिवसांत कुजून जाते. तिचे वारूळ मात्र, कोणी मोडले नाही तर, त्याच जागी अनेक वर्षे टिकते आणि पुढच्या पावसाळ्यात तेथेच पुन्हा अळंबी येण्याची शक्यता असते. म्हणून नकाशावर मांडायची वस्तू वारूळ ही आहे, आणि अळंबी दिसणे ही त्या वारुळाला दिलेल्या एखाद्या भेटीत घडलेली घटना आहे. हा फरक पहिल्या दिवसापासून वहीत पाळला नाही, तर काही पावसाळ्यांनंतर हाती ठिपक्यांचा ढीग तेवढा राहतो. त्यातले किती ठिपके वेगवेगळ्या वारुळांचे आणि किती एकाच वारुळाचे, हे कोणालाही सांगता येत नाही. डोंगरउतारांवर प्लॉट पडत आहेत, रस्ते रुंद होत आहेत, आणि जमीन सपाट करायला जेसीबी आला की वारूळ पहिल्याच दिवशी जाते. अशा वेळी कोणते वारूळ कोठे होते, ते कधीपर्यंत जिवंत होते आणि तेथे अळंबी शेवटची कधी दिसली, हे सांगू शकणारी साधी नोंद मला फार मोलाची वाटते.

परवानगी आधी

भीमाशंकर हे १९८५ पासून आणि ताम्हिणी हे २०१३ पासून वन्यजीव अभयारण्य आहे. अभयारण्यात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू असतो. तेथे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय अळंबी उपटू नये, माती उकरू नये आणि ठरलेल्या वाटा सोडून आत शिरू नये. पुण्यातल्या टेकड्यांचा मोठा भाग वन विभागाच्या ताब्यात आहे, त्यामुळे तेथेही छायाचित्र आणि टिपण यांवर थांबावे. खासगी माळ किंवा बांध असेल तर मालकाला विचारावे, आणि देवराई असेल तर गावात जाऊन देवराईचे काम पाहणाऱ्यांशी आधी बोलावे, कारण देवराईतून काडीही बाहेर न नेण्याचा दंडक अनेक गावे आजही पाळतात.

वारूळ ही आपल्याकडे पूजेची जागा आहे. नागपंचमी नेमकी अळंबीच्या हंगामात येते आणि त्या काळात हळदीकुंकू वाहिलेली, दूध ठेवलेली वारुळे वाटेत दिसतात. अशा वारुळावर फीत, खुंटी, रंगाची खूण यांपैकी काहीही लावू नये. खरे तर कोणत्याच वारुळावर लावू नये, कारण जागा पुन्हा सापडण्यासाठी अक्षांश-रेखांश आणि जवळच्या एखाद्या पक्क्या खुणेपासूनचे अंतर एवढे पुरेसे असते. वारुळाच्या भोकात हात किंवा काठी घालू नये. तेथे नाग, धामण यांचा वावर असू शकतो. घाटमाथ्यावर अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी फेरी रद्द करावी आणि ती रद्द झाल्याचे वहीत लिहावे.

नोंदीपुरती ओळख

या लेखातल्या खुणा नोंदीसाठी आहेत. त्यांच्या आधारावर कोणतीही अळंबी खाऊ नये.

टर्मिटोमायसिसची सर्वांत भरवशाची खूण टोपीच्या माथ्यावर आणि देठाच्या तळाशी असते. माती फोडून वर येण्यासाठी टोपीच्या मध्यभागी एक कठीण, टोकदार उंचवटा असतो आणि छत्री पूर्ण उघडल्यावरही तो बहुधा गडद रंगाच्या टेंगळासारखा उठून दिसतो. टोपीखालचे पातळ पडदे, म्हणजे कल्ले, दाटीचे असतात, देठाला चिकटलेले नसतात, आणि पांढऱ्याकडून हळूहळू गुलाबी छटेकडे जातात. देठ जमिनीच्या पातळीवर संपत नाही. तो निमुळता होत खाली पोळ्यापर्यंत जातो. हाइमी जातीच्या देठावर कडे, म्हणजे देठाभोवतीचे वलय, असते, इतर काही जातींच्या देठावर ते नसते, म्हणून कडे आहे की नाही हे दर वेळी लिहावे.

बोटाच्या पेराएवढ्याच टोप्यांची, एकाच ठिकाणी शेकड्याने उगवलेली अळंबी दिसली तर ती टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस असण्याची शक्यता मोठी आहे. वाळवीने पोळ्याचे तुकडे बाहेर आणून टाकले की त्यांवर ती उगवते, त्यामुळे तिला खोल जाणारा देठ नसतो. ती याच प्रजातीतली असली तरी तिची नोंद वेगळी ठेवावी.

फसवणूक होते ती सोसायट्यांच्या हिरवळीवर आणि बागांतून येणाऱ्या क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस या विषारी जातीमुळे. तीही मोठी आणि पांढरी असते, तिच्याही देठावर कडे असते, आणि वारूळ जवळपास असेल तर नवख्याला ती वारुळावरचीच वाटते. तिच्या टोपीवर तपकिरी खवले असतात, देठ जमिनीखाली मुळासारखा लांबत नाही, आणि जून झाल्यावर कल्ले हिरवट पडतात. शंका फेडण्याचा सोपा मार्ग बीजाणूंचा, म्हणजे कल्ल्यांतून गळणाऱ्या बीजासारख्या बारीक कणांचा, ठसा हा आहे. जेथे तोडायला मुभा आहे तेथून एक उघडलेली टोपी आणावी, देठ कापून ती कल्ल्यांच्या बाजूने अर्ध्या पांढऱ्या आणि अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावी, वर वाडगे उपडे घालावे आणि रात्रभर हलवू नये. टर्मिटोमायसिसचा ठसा फिकट गुलाबी ते मलईसारखा उमटतो, क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचा हिरवट. ठशाचा फोटो दिवसाच्या उजेडात काढून तो नोंदीला जोडावा.

जात ठरत नसेल तर ‘टर्मिटोमायसिस, जात अनिश्चित’ असे लिहावे. प्रजातीपाशी प्रामाणिकपणे थांबलेली नोंद पुढे कोणीतरी पूर्ण करू शकते. अंदाजाने लिहिलेले जातीचे नाव मात्र नकाशात शिरले की ते बाहेर काढणे अवघड होते.

दोन वह्या, एक क्रमांक

पहिली वही जागांची. तिच्यात प्रत्येक वारुळाला एकच ओळ मिळते आणि ती ओळ कायमची असते. क्रमांक देताना गावाचे किंवा मालकाचे नाव वापरू नये; तालुक्याचे आद्याक्षर आणि धावता आकडा पुरतो. त्या ओळीत अक्षांश, रेखांश, अचूकता मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासूनची उंची, उताराची दिशा, भोवतालची झाडे, जमिनीचा वापर आणि वारुळाची उंची व घेर लिहावेत. झाडे लिहिताना ‘जंगल’ असा मोघम शब्द टाळावा. ताम्हिणीच्या बाजूला अंजनी-जांभळाचे सदाहरित रान, भीमाशंकरकडे हिरड्याची झाडे, पुण्याच्या टेकडीवर लावलेल्या गिरिपुष्पाची दाटी, बांधावरचा ऐन, यांपैकी नेमके काय आहे ते लिहिले तर पुढे काही ताडून पाहता येते.

वाळवीच्या अनेक वसाहती पूर्णपणे जमिनीखाली असतात आणि त्यांचे वारूळ वर दिसतच नाही, तरीही सपाट मातीतून अळंबी येते. अशा जागेलाही क्रमांक द्यावा आणि ‘वारूळ दिसत नाही’ असे स्पष्ट लिहावे. एकाच वसाहतीची अळंबी काही मीटरांच्या परिसरात विखरून येऊ शकते. दोन झुबक्यांमध्ये दहा मीटरांपेक्षा कमी अंतर असेल आणि दोन वेगळी वारुळे डोळ्यांना दिसत नसतील, तर दोन्ही एकाच क्रमांकाखाली घ्यावेत. ही मर्यादा निसर्गाने आखलेली नाही, ती सोयीसाठी आहे, आणि म्हणूनच ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, म्हणजे दुसरा नोंदकर्ताही तीच पाळेल.

दुसरी वही भेटींची. तिच्यात प्रत्येक भेटीला एक ओळ असते: वारुळाचा क्रमांक, तारीख, पोहोचल्याची आणि निघाल्याची वेळ, पाहणाऱ्यांची संख्या, अळंबी दिसली की नाही, दिसली असल्यास किती आणि कोणत्या अवस्थेत, आणि छायाचित्रांचे क्रमांक. अवस्था चारच शब्दांत ठेवाव्यात: कळी, अर्धी उघडी, पूर्ण उघडी, कुजलेली. खुडून नेल्याची खूण, म्हणजे देठाचे तुटके बुंधे, दिसले तर तेही लिहावे.

न दिसल्याची भेट लिहिणे हे या कामातले सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे कलम आहे. नकाशावर एखादी टेकडी रिकामी दिसते तेव्हा तेथे अळंबी येत नाही असा त्याचा अर्थ होतो, की तेथे कोणी गेलेच नाही असा होतो, हे शून्याच्या नोंदींशिवाय कळूच शकत नाही. वारूळ पाहिले, काहीही नाही, एवढी ओळ लिहायला अर्धे मिनिट लागते. याच कारणासाठी दूरवरची पुष्कळ वारुळे एकेकदा पाहण्यापेक्षा घराजवळची मोजकी वारुळे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत दर आठवड्याला, ठरलेल्या वाटेने आणि ठरलेल्या क्रमाने पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. अळंबी दोन-चार दिवसच टिकत असल्यामुळे पंधरा दिवसांतून एक फेरी केली तर सबंध बहर मधल्या मध्ये निसटून जाऊ शकतो, आणि मग त्या वारुळाच्या नावावर खोटे शून्य चढते.

नमुन्यादाखल एक कल्पित ओळ अशी दिसेल: क्रमांक ह-०१४, १८.५२१४ उत्तर, ७३.८१८६ पूर्व, अचूकता ८ मीटर, उतार पूर्वेकडे, गिरिपुष्पाची लागवड, खाली गवत, वारूळ ६० सेंटिमीटर उंच, जिवंत. भेट: १२ जुलै, सकाळी ७.१० ते ७.२५, दोघे जण, पूर्ण उघड्या ६, कळ्या ३, देठावर कडे आहे, जात अनिश्चित, छायाचित्रे १ ते ५.

जागा टिपताना

मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरांपर्यंत अचूक असतो. दाट झाडीत, दरीच्या कुशीत किंवा ढगाळ पावसात ओल्या पानांच्या छताखाली ही चूक बरीच वाढते. म्हणून वारुळापाशी पोहोचताच आकडा उतरवून घेऊ नये. एक-दोन मिनिटे थांबावे, ॲपमध्ये दिसणारा अचूकतेचा आकडा खाली येऊन स्थिरावू द्यावा, आणि मग अक्षांश-रेखांशासोबत तो आकडाही लिहावा. पन्नास मीटरांची चूक असलेली नोंदसुद्धा कामाची असते. पण ती पन्नास मीटरांची आहे हे लिहिलेले असले तरच.

अंश-मिनिटे-सेकंद ही पद्धत न वापरता दशांश अंश वापरावेत. दशांश चिन्हापुढचे चौथे स्थान जमिनीवर सुमारे ११ मीटर दाखवते आणि पाचवे सुमारे एक मीटर, त्यामुळे चार किंवा पाच स्थाने पुरतात. सहावे-सातवे स्थान लिहिल्याने अचूकता वाढत नाही, फक्त वाढल्याचा भास होतो. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे, आणि पुण्याच्या बाबतीत ती लगेच पकडता येते: आपला अक्षांश १८-१९ च्या घरात आणि रेखांश ७३ च्या घरात असतो, आणि दोन्ही उलटे पडले तर ठिपका थेट नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक समुद्रातल्या बेअर बेटाच्या आसपास जाऊन पडतो.

तारीख आणि पाऊस

तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली की पुढे संगणकावर गोंधळ होत नाही. पावसाशी मेळ घालायचा असेल तर एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: भारतीय हवामानशास्त्र विभाग दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतो आणि तो मोजणीच्या तारखेला लावतो. म्हणजे सोमवारी दुपारी कोसळलेला पाऊस मंगळवारच्या आकड्यात सापडतो. अळंबी पावसानंतर किती दिवसांनी आली हे मोजताना हा एक दिवस सहज निसटतो.

शिवाजीनगरचा पाऊस ताम्हिणीच्या नोंदीला जोडू नये. पुणे शहरात वर्षभरात जेमतेम ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पन्नास-साठ किलोमीटरवरच्या घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट. जवळचे पर्जन्यमापन केंद्र मिळत नसेल तर गावातल्या एखाद्या घराच्या अंगणात सरळ बाजूंचे, सपाट तळाचे भांडे मोकळ्या जागी ठेवून त्यात साचलेल्या पाण्याची खोली पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी. तोच पावसाचा आकडा. मोजण्याची वेळ साडेआठचीच ठेवावी. ढग गडगडले, विजा कडाडल्या की अळंबी फुटते असे गावोगावी सांगितले जाते. ते पडताळायचे असेल तर गडगडाटाचा दिवसही लिहिता येईल, आणि लिहावा असे मला वाटते.

छायाचित्रे

एका भेटीसाठी किमान पाच छायाचित्रे हवीत: वारूळ आणि भोवतालचा परिसर एकत्र दिसेल असे दुरून, झुबका मधल्या अंतरावरून, टोपी वरून, कल्ले खालून, आणि देठ मातीत जातो ती जागा जवळून. कल्ल्यांसाठी अळंबी उपटण्याची गरज नाही. मोबाइल जमिनीला टेकवून किंवा टोपीखाली छोटा आरसा धरून ते दिसतात. देठाचा खोल भाग दाखवण्यासाठी प्रत्येक वारूळ उकरू नये, त्याने खालच्या पोळ्याला इजा होते. ज्या जागी परवानगी आहे तेथे एकाच अळंबीच्या बाजूची माती बोटांनी हलकेच सारावी, फोटो घ्यावा आणि माती पूर्ववत लोटावी. मापासाठी पट्टी ठेवावी. ती नसेल तर दहा रुपयांचे नाणे चालते, त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. फ्लॅशने पांढरा रंग उडून जातो आणि कल्ल्यांची गुलाबी छटा हरवते, त्यामुळे छत्रीची सावली धरून नैसर्गिक उजेडातच फोटो काढावा.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू आहे याची खात्री सकाळी निघतानाच करावी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून ठिकाणाची आणि वेळेची मूळ माहिती निघून जाते, त्यामुळे सोबत्याकडून छायाचित्रे घेताना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे किंवा केबलने उतरवून घ्यावीत. ही एवढी सवय लागली तरी गटाने केलेल्या कामातला निम्मा घोळ टळतो.

वाळवलेला नमुना

फोटोवरून जात ठरत नाही तेव्हा वाळवलेला नमुना लागतो. पुण्यात यासाठी योग्य संस्था आहे: आघारकर संशोधन संस्था. १९४६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत अजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियम हा बुरशींच्या शुष्क नमुन्यांचा संग्रह आणि राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह आहे. नमुना घेऊन थेट दारात उभे राहण्याऐवजी आधी पत्राने किंवा ईमेलने विचारावे की अशा नमुन्यात त्यांना रस आहे का आणि तो कसा हवा आहे.

नमुना एकाच वारुळाचा, एक-दोन छत्र्यांचा, परवानगी असलेल्या जागेचाच घ्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत अळंबी तासाभरात घाम धरते, म्हणून कागदी पिशवी किंवा पानाची पुडी वापरावी. ताजेपणीच रंग, वास आणि मापे लिहून घ्यावीत, कारण वाळल्यावर ती बदलतात. नंतर उभे काप करून ते ४० ते ५० अंश सेल्सिअसच्या कोरड्या, वाहत्या हवेत कडकडीत होईपर्यंत वाळवावेत आणि सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद पाकिटात ठेवावेत. पाकिटावर वारुळाचा क्रमांक, भेटीची तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव पेन्सिलने लिहावे. पावसाळी हवेत शाई पसरते.

बाजार आणि आठवणी

जून-जुलैपासून घाटरस्त्यांच्या कडेला आणि आठवडी बाजारात कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी बाया अळंबी विकायला बसतात. त्यांचे ज्ञान कोणत्याही ॲपपेक्षा खोल आहे. बाजारात दिसलेली अळंबी नोंदवता येते, पण ती वेगळ्या प्रकारची नोंद म्हणून, कारण तेथे टिपलेली जागा बाजाराची असते, अळंबीची नसते. ‘स्रोत: बाजार, मूळ ठिकाण: तालुका’ असे लिहून अचूकतेच्या रकान्यात काही किलोमीटरांचा आकडा घालावा. फोटोसाठी विचारावे, चेहरा टाळावा, आणि ‘ही कुठून आणली?’ हा प्रश्न रेटू नये. ती जागा एखाद्या घराची पावसाळ्यातली मिळकत असते.

जुन्या आठवणी लिहून घेताना तारीख सणावरून येते. ‘पोळ्याच्या आधी निघायची’ असे कोणी आजी म्हणाल्या तर पोळा श्रावणी की भाद्रपदी हे विचारावे, कारण पुणे जिल्ह्यातल्या अनेक गावांत तो भाद्रपदात होतो आणि फरक महिन्याचा पडतो. अधिक मासामुळे सणाची तारीखही सरकते: नारळी पौर्णिमा २०२२ साली ११ ऑगस्टला होती, २०२३ साली अधिक श्रावणामुळे ती ३० ऑगस्टला आली. म्हणून आठवणीतल्या नोंदीला एक तारीख न देता ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने द्यावेत. स्थानिक नाव ऐकू येईल तसे, बदल न करता लिहावे.

नकाशा

दोन्ही वह्या संगणकावर दोन तक्त्यांत उतरवाव्यात आणि वारुळाच्या क्रमांकाने जोडाव्यात. येथे मराठीत काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. अक्षांश, रेखांश, तारीख आणि संख्या या रकान्यांत देवनागरी आकडे लिहू नयेत, कारण बहुतेक प्रणाली त्यांना आकडा न समजता मजकूर समजतात. टिपणांच्या रकान्यांत देवनागरी खुशाल असू द्यावी. आणि सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा तक्ता) साठवताना यूटीएफ-८ हा अक्षरसंकेताचा पर्याय निवडावा, नाहीतर मराठी मजकुराच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे उरतात.

क्यूजीआयएस ही नकाशे बनवण्याची विनामूल्य प्रणाली यासाठी पुरेशी आहे. तिच्यात सीएसव्ही फाइल उघडताना एक्सच्या जागी रेखांश, वायच्या जागी अक्षांश आणि निर्देशांक पद्धती म्हणून ईपीएसजी ४३२६ निवडावी. अंतरे मोजण्यापूर्वी ठिपक्यांचा थर ईपीएसजी ३२६४३ मध्ये, म्हणजे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीच्या, पुणे ज्यात येते त्या ४३ उत्तर या पट्ट्यात बदलून घ्यावा, म्हणजे मापे मीटरमध्ये मिळतात. मग प्रत्येक वारुळाभोवती दहा मीटर व्यासाचे वर्तुळ काढून कोणती वर्तुळे एकमेकांवर येतात ते पाहावे. चुकून दोन क्रमांक मिळालेली वारुळे अशी सापडतात.

यानंतर परिसरावर एक किलोमीटर बाजूच्या चौकोनांची जाळी टाकावी आणि चौकोन तीन रंगांत रंगवावेत: अळंबी दिसली, फेरी झाली पण दिसली नाही, आणि कोणीही गेले नाही. तिसऱ्या रंगाशिवाय हा नकाशा पुरा समजू नये. पुण्यातून होणाऱ्या बहुतेक फेऱ्या रविवारच्या, गाडी पोहोचते तेथपर्यंतच्या असतात, त्यामुळे ठिपके मुळशी-ताम्हिणी रस्ता, सिंहगडाचा पायथा आणि शहरातल्या टेकड्या यांना चिकटून येतात. तो अळंबीचा स्वभाव नाही, आपल्या वाटांचा आहे. ठिपक्यांची दाटी रंगांनी दाखवणारे ‘हीटमॅप’ नकाशे याच कारणाने टाळलेले बरे, कारण ते जाण्याची सोय दाखवतात आणि वाचणारा त्याला अळंबीची विपुलता समजतो. पुढच्या हंगामाची आखणी करताना आधी तिसऱ्या रंगाचे चौकोन निवडावेत.

काय उघड करावे

आयनॅचरलिस्ट आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या दोन्ही संकेतस्थळांवर नोंदी टाकता येतात आणि जाणकारांकडून ओळख पक्की करून घेता येते. आयनॅचरलिस्टवर तारीख, ठिकाण आणि छायाचित्र असलेल्या नोंदीच्या जातीवर ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिकांचे एकमत झाले की तिला संशोधनयोग्य दर्जा मिळतो, आणि नोंद इतरांनी वापरण्याचा परवाना मोकळा असेल तर ती पुढे जीबीआयएफ या जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक संग्रहात जाते. प्रजातीपाशी थांबलेल्या नोंदी बहुतेक या दर्जाला पोचत नाहीत; त्यासाठी ओढूनताणून जात ठरवू नये.

वारुळावरची अळंबी खाण्याची आणि विकण्याची वस्तू असल्यामुळे तिची अचूक जागा जगापुढे मांडणे मला योग्य वाटत नाही. ज्या बायकांनी ती जागा पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांच्याआधी शहरातून गाड्या पोहोचल्या तर त्या नोंदीने नुकसानच केले असे होईल. म्हणून आयनॅचरलिस्टवर ठिकाण झाकण्याचा पर्याय निवडावा. मग ती नोंद ०.२ अंश लांबी-रुंदीच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर बाजूच्या चौकोनात कोठेतरी दाखवली जाते आणि अचूक जागा नोंदकर्त्याकडेच राहते. एवढ्याने भागत नाही. टिपणात वाडीचे नाव, फोटोच्या मागे ओळखीचे देऊळ किंवा धरणाची भिंत, किंवा त्याच सकाळच्या उघड्या ठेवलेल्या इतर नोंदी यांवरून जागा कळू शकते, म्हणून चढवण्यापूर्वी तेही पाहून घ्यावे. छापील किंवा जाहीर नकाशात पाच किलोमीटरांपेक्षा लहान चौकोन वापरू नयेत. एक किलोमीटरची जाळी कामासाठी, आपल्या गटापुरती ठेवावी.

अचूक तक्त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात आणि तो कोणाला द्यायचा हे गटाने आधी ठरवून लिहून ठेवावे. संशोधकाने मागितला तर हेतू विचारून, आवश्यक तेवढेच तालुके द्यावेत. गावाला मात्र त्याच्या हद्दीतली नोंद मागण्याची वाट पाहायला लावू नये. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. हंगाम संपल्यावर, ऑक्टोबरात, त्या गावाच्या हद्दीतील वारुळांची यादी, पाहणीच्या तारखा आणि स्थानिक नावे मराठीत छापून समितीकडे द्यावीत, आणि ती देताना अचूक जागा त्या नोंदवहीत लिहायच्या की नाहीत हा निर्णय अळंबी गोळा करणाऱ्या घरांना विचारून समितीलाच घेऊ द्यावा.